रोमन सैनिकाला भाकरी नव्हे, कच्चा गहू मिळायचा : शेत, कोठार, जातं आणि जखम

कोठीदार

रोमन सैन्याबद्दल मराठीत लिहिलं जातं तेव्हा ढाल, भाला आणि लढाईची रचना यांवर पानंच्या पानं येतात. सैनिक रोज काय खायचा, ते कुठून यायचं, आजारी पडला तर त्याला कुठे ठेवायचे, यावर दोन ओळीही नसतात. म्हणून हा धागा. नेमकी मापं आणि कृती माहीत असतील त्यांनी भर घालावी.

सुरुवात शिध्यापासून करतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो, की पायदळातल्या रोमन सैनिकाला महिन्याला दोन-तृतीयांश मेडिम्नस गहू मिळे. रोमन मापात हे ४ मोडियस होतात. एक मोडियस म्हणजे पावणेनऊ लिटरच्या आसपास, आणि त्यात साडेसहा किलोहून थोडा जास्त गहू मावतो. म्हणजे महिन्याला २६-२७ किलो, रोजचा जवळपास पाऊण ते एक किलोच्या मधला शिधा. स्वाराला १२ मोडियस गहू आणि ४२ मोडियस सातू मिळे, कारण त्याच्या मागे घोडा आणि नोकरही असत.

मुख्य मुद्दा असा, की हे धान्य दाण्याच्या रूपात मिळे. पीठ नाही, भाकरी तर नाहीच. दळणं, मळणं, भाजणं हे सगळं सैनिकांनीच करायचं. पीठ दमट हवेत लवकर खराब होतं, दाणा टिकतो. या एका निर्णयामुळे छावणीचं रोजचं वेळापत्रक, खेचरांवरचं ओझं, कोठारांची बांधणी हे सगळं ठरत गेलं.

उखळमुसळ

चांगला विषय घेतलात. जात्याबद्दल मी लिहिते.

एका तंबूत आठ जण राहत. तंबू चामड्याचा. अशा दहा तंबूंची, म्हणजे ८० जणांची एक शतकी. नावात शंभर असले तरी प्रत्यक्षात ऐंशीच. दर तंबूमागे एक खेचर आणि एक हातजातं, असा साधारण हिशोब धरतात. जर्मनीतल्या सालबुर्गच्या किल्ल्यात अशी जाती सापडली आहेत. ऱ्हाईनकाठच्या छावण्यांना आयफेल डोंगरातल्या मायेन गावाजवळच्या खाणींचा दगड मिळे. तो ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. दळताना झिजला तरी आतली नवी छिद्रं उघडी पडत जातात आणि कडा धारदार राहतात. आपल्याकडच्या घट्ट काळ्या दगडाच्या जात्याला जितक्या वेळा टाकी लावावी लागते, तितकी त्याला लागत नसणार.

बांधणी आपल्या जात्यासारखीच. खालची तळी स्थिर, मधोमध खुंटी. वरच्या तळीच्या भोकात आडवी पट्टी बसवलेली, आपण जिला माकडी म्हणतो ती. वैरण टाकायला वर खोलगट भाग आणि फिरवायला दांडा. माकडीची उंची बिघडली की सगळं दळण बिघडतं. वरची तळी फार टेकली तर पीठ तापतं आणि दगडाची कच मिसळते, फार उचलली तर नुसता भरडा पडतो.

आठ जणांचं रोजचं दळण सात किलोच्या आसपास. दिवसभर चालून, संध्याकाळी खंदक खणून, मग हे दळण. त्यामुळे मोहिमेवर बारीक पिठाचा आग्रह कोणी धरत नसे. जाड भरडा काढायचा आणि त्याची लापशी किंवा निखाऱ्याच्या राखेत भाजलेला जाड रोट करायचा.

रानवेडा

उखळमुसळताई, एक प्रश्न. हा गहू म्हणजे आपला नेहमीचा गहू, की खपली?

उखळमुसळ

दोन्ही, पण काळ आणि प्रदेश पाहावा लागतो. रोमनांचं सगळ्यात जुनं धान्य 'फार', म्हणजेच आपला खपली गहू. त्याची लापशी हे इटलीतलं जुनं जेवण. सातारा-सांगलीकडे खपलीची खीर करतात, ती जात हीच. याचं टरफल मळणीत सुटत नाही. आधी धान्य भाजायचं, मग उखळात कांडायचं, पाखडायचं आणि मग दळायचं. एक कष्ट वाढतो, पण टरफलामुळे दाण्याला कीड कमी लागते.

दुसरा मळणीतच मोकळा होणारा गहू. सैन्याचा शिधा मोजतात तो बहुतेक या मोकळ्या गव्हात. ब्रिटनमध्ये मात्र टरफलवाल्या जाती भरपूर सापडतात. स्कॉटलंडमधल्या बेअर्सडेन किल्ल्याच्या शौचकुपाचं सांडपाणी ज्या खंदकात जाई, तिथला गाळ तपासला तेव्हा कोंड्याचे असंख्य तुकडे निघाले. हे सैनिक भरड्याचं, कोंड्यासकट खात होते.

हिशेबनीस

आता शेतीकडून हिशोब मांडतो. आकडे कोलुमेला या इ.स. पहिल्या शतकातल्या शेतीलेखकाचे.

रोमन जमिनीचं माप युगेरम. ते आपल्या २५ गुंठ्यांच्या जवळ येतं. चांगल्या जमिनीत एका युगेरमला ४ मोडियस गहू पेरायचा, मध्यम जमिनीत ५. तेवढ्या पेऱ्याला माणसाचे साडेदहा दिवस लागतात. त्याची फोड तो अशी देतो : नांगरट ४, बी झाकायला १, पहिली खुरपणी २, दुसरी १, निंदणी १ आणि कापणी दीड दिवस. मळणी यात नाही.

उतारा? तो म्हणतो, इटलीच्या बहुतांश भागात धान्याने चौपट दिल्याचं क्वचितच आठवतं. चौपट धरू. ५ पेरले, २० आले, त्यातले ५ पुढच्या बियाण्याला काढले, उरले १५. शिवाय जमीन एक वर्षाआड पड ठेवायची, म्हणून दर युगेरमला वर्षाचे सरासरी साडेसात मोडियस.

सैनिकाला वर्षाला ४८ मोडियस लागतात. म्हणजे एका सैनिकामागे साडेसहा युगेरमच्या आत-बाहेर, आपले चार एकर. पाच हजारांच्या एका लीजनला, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीला, २,४०,००० मोडियस, म्हणजे ३२,००० युगेरम किंवा जवळजवळ २०,००० एकर. यात शेतकऱ्याचं स्वतःचं पोट, खेचरांचा दाणा आणि वाटेतली नासधूस धरलेली नाही.

रानवेडा

हिशेबनीस, गणित बरोबर आहे, पण चौपटीवर एवढा भार टाकू नये. कोलुमेला ते वाक्य द्राक्षमळा धान्यापेक्षा जास्त पैसा देतो हे पटवताना लिहितो. धान्याचा उतारा कमी दाखवण्यात त्याच्या युक्तिवादाची सोय आहे. व्हॅरो हा दुसरा शेतीलेखक इटलीतल्या एट्रुरियाच्या काही भागांत दहा ते पंधरा पट सांगतो. सिसिलीतल्या लिओंतिनीच्या जमिनीत आठपट हे चांगलं पीक आणि दहापट म्हणजे फारच उत्तम, असं सिसेरो म्हणतो.

आठपट धरलं तर ५ पेरून ४०, बियाणं वजा जाता ३५, पड धरून साडेसतरा. लीजनला मग १३,७०० युगेरम पुरतात. जमीन निम्म्याहून कमी झाली! बियाणं ही ठरलेली वजावट असते, म्हणून उतारा दुप्पट झाला की हातात राहणारं धान्य दुपटीहून जास्त वाढतं. रोमने सिसिली, सार्डिनिया, आफ्रिका आणि इजिप्तच्या धान्याला इतकं का धरून ठेवलं, ते या वजाबाकीत दिसतं.

नांगराबद्दलही एक सांगतो. त्यांचा नांगर माती उलथणारा नव्हता, आपल्या जुन्या लाकडी नांगरासारखा चिरत जाणारा होता. म्हणून उभी-आडवी नांगरट करायची, इतकी की नांगर कोणत्या दिशेने गेला ते कळू नये. ओल्या जमिनीत घातला तर ढेकळं बसतात आणि वर्ष वाया जातं. कोलुमेला हे वारंवार बजावतो.

हिशेबनीस

मान्य. चौपट ही खालची मर्यादा आणि आठपट चांगल्या जमिनीची, असं धरून मधला पट्टा घ्यावा.

एक तुलना राहिली होती. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला कॅटो मळ्यावरच्या गुलामांचा शिधा लिहितो : मेहनतीचं काम करणाऱ्याला हिवाळ्यात ४ मोडियस, उन्हाळ्यात साडेचार. देखरेख करणारा मुकादम आणि मेंढपाळ यांना ३, कारण अंगमेहनत कमी. साखळीतल्या गुलामांना गहू देत नसत, तयार भाकरी वजनावर देत. हिवाळ्यात रोज ४ रोमन पौंड, द्राक्षमळा खणायला लागले की ५, आणि अंजिरं पिकली की पुन्हा ४. म्हणजे सैनिकाचा शिधा आणि मळ्यावर राबणाऱ्या गुलामाचा शिधा सारखाच. मेहनती पुरुषाला किती धान्य लागतं याचा अंदाज शेतावरच पक्का झालेला होता.

कोठीदार

फार मोलाची तुलना. आता कोठाराबद्दल थोडं.

किल्ल्यातलं कोठार लांबट, जाड भिंतींचं, बाहेरून धिरे दिलेलं. जमीन दगडी खांबांवर किंवा आडव्या बुटक्या भिंतींवर उचललेली आणि खालून वारा खेळायला भिंतीत झरोके. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीवरच्या हाउसस्टेड्स किल्ल्याला हे खांब आजही दिसतात. रोमन इतिहासकार टॅसिटस म्हणतो की ब्रिटनचा सुभेदार अग्रिकोला याच्या किल्ल्यांत वर्षभर पुरेल इतका साठा असे. टाइन नदीच्या मुखावरच्या साउथ शील्ड्सला तर पुढे सगळा किल्लाच कोठारांनी भरला, वीसहून जास्त कोठारं.

बिघाड कुठे होतो? ओलाव्यात आणि किडीत. इंग्लंडमधल्या यॉर्कला पहिल्या शतकातल्या एका लाकडी गोदामाच्या जागी धान्यकिड्यांचे अवशेष ढिगाने सापडले. इतकी कीड, की ते गोदाम मोडून वर मातीचा जाड थर दिला आणि नवं बांधलं. सोंडे ही कीड ब्रिटनमध्ये रोमनांच्या धान्याबरोबरच पोचली.

इटलीतले उपाय व्हॅरो सांगतो : भिंती-जमिनीला चिकणमाती, भुसा आणि ऑलिव्हच्या तेलाखालचा कडू गाळ यांचा लेप, आणि काही जण तोच गाळ हजार मोडियसला साधारण २६ लिटर या प्रमाणात धान्यावर शिंपडतात. कोलुमेलाचा सल्ला वेगळाच आहे. कीड लागलेलं धान्य हलवू नका, कारण ती वरच्या चार बोटांखाली जात नाही. ढवळलं तर सगळ्या राशीत पसरते.

शल्यशाखा

सोंडे चार बोटांखाली जात नाहीत हे खरं नाही, ते राशीत बरेच खोल जातात. पण न ढवळण्यात तथ्य आहे : आतल्या थरात हवा कमी पडते आणि कीड मंदावते.

बेअर्सडेनच्या त्याच गाळात सोंड्यांचे तुकडेही निघाले. म्हणजे किडका गहू दळून खाल्ला जात होता. सोबत जंताची अंडी आहेत, गोल जंत आणि चाबूकजंत दोन्ही. किल्ल्यात शौचकूप होते, वाहतं पाणी होतं, तरी जंत होते. शौचानंतर पुसायला सगळ्यांसाठी एकच स्पंज-काठी आणि मैला खत म्हणून शेतात, असं चक्र असेल तर नुसत्या बांधकामाने जंत जात नाहीत.

आता आजारी सैनिकांचा नेमका आकडा देते. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा किल्ल्यात शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यातली एक तुंग्रियन पथकाची १८ मेची हजेरी आहे, इ.स. ९०च्या दशकातली. पटावर ७५२, त्यातले ४५६ बाहेरगावी कामावर, किल्ल्यात २९६. त्या २९६ पैकी आजारी १५, जखमी ६ आणि डोळे आलेले १०. एकूण ३१ जण कामाला नालायक, उरले २६५. दर दहांत एक! आणि जखमींपेक्षा डोळ्यांचेच रुग्ण जास्त. धुराने भरलेल्या बराकी, एकाच पाण्यात धुतलेले चेहरे, एकमेकांचं कापड. साथ पसरायला एवढं पुरतं.

पाऊलवाट

शल्यशाखाताई, जखमेवर प्रत्यक्ष काय करत, ते सविस्तर लिहाल का? आणि स्वतंत्र रुग्णालयं खरंच होती का?

शल्यशाखा

रुग्णालयं होती. मोठ्या किल्ल्यांत चौकोनी वाडा, मधे अंगण, भोवती पडवी आणि पडवीच्या दोन्ही बाजूंना लहान खोल्या. स्कॉटलंडमधल्या इंचटुथिलचा वाडा ९० मीटरच्या आसपास लांब, खोल्या साठेक, म्हणजे जवळपास दर शतकीला एक. काही अभ्यासकांना अशा सगळ्याच वाड्यांना रुग्णालय म्हणणं मान्य नाही, कारण तसाच आराखडा भांडाराचाही असू शकतो. जर्मनीतल्या नॉइसला मात्र शस्त्रक्रियेची अवजारं मिळाली आणि औषधी बियाही. त्यात खुरासानी ओवा आहे, वेदना आणि शुद्ध कमी करणारा, मात्रा चुकली तर भ्रम आणि मृत्यू आणणारा. मेथीही आहे.

जखमेची कृती सेल्सस या पहिल्या शतकातल्या लेखकाकडून घेते. क्रम महत्त्वाचा.

रक्त थांबवणं आधी. जखमेत कोरड्या कापसासारख्या धाग्यांच्या घड्या भरायच्या, वर गार पाण्यात पिळलेला स्पंज ठेवून हाताने दाबायचं. थांबलं नाही तर घड्या बदलत राहायच्या, मग त्या सिरक्यात भिजवायच्या. तरीही वाहिलं तर रक्त ओकणारी शीर पकडून जखमेच्या दोन्ही बाजूंना बांधायची आणि मधे कापायची. मधे कापली की दोन्ही टोकं आखडून बंद होतात. डाग देणं हा शेवटचा उपाय.

बाण काढताना आधी विचार करायचा, मग हात लावायचा. बाण उथळ असेल आणि मोठी शीर किंवा स्नायूबंध ओलांडून गेला नसेल, तर आला त्याच वाटेने मागे. मागे यायचं अंतर पुढे उरलेल्या मांसापेक्षा जास्त असेल, तर समोरच्या बाजूने छेद देऊन पुढे काढायचा. उलटे काटे असलेलं टोक मागे ओढलं की मांस फाटतं, म्हणून काट्यांवर चिरलेल्या बोरूच्या नळ्या चढवून मगच ओढायचं. रुंद पात्याच्या बाणासाठी वेगळं अवजार होतं. त्याच्या टोकाला भोक असलेली वाकडी पळी. ती बाणाला चिकटून आत सरकवायची, किंचित फिरवून बाणाचं टोक भोकात अडकवायचं आणि दोन्ही एकत्र बाहेर. गोफणीची शिशाची गोळी सांध्यात दोन हाडांच्या मधे अडकली, तर वरचा आणि खालचा अवयव पट्ट्यांनी बांधून उलट दिशांना ताणायचे, म्हणजे फट उघडते.

कोथ पसरला तर अवयव कापायचा. निरोगी आणि सडलेल्या भागाच्या मधे, सांध्यावर नाही. सडलेलं थोडंही मागे राहता कामा नये, त्यासाठी थोडं निरोगी गेलं तरी चालेल. मांस हाडापर्यंत कापून वर सारायचं, हाड करवतीने उंच कापायचं, टोक घासून गुळगुळीत करायचं आणि मग कातडं त्यावर ओढून घ्यायचं. हाड उंच न कापता मांसाच्या पातळीवरच कापलं, तर कातडं पुरत नाही आणि हाड उघडं राहतं. या शस्त्रक्रियेत माणूस रक्त जाऊन दगावतो, हे तो लपवत नाही.

कोठीदार

आणि लेप?

शल्यशाखा

ताज्या रक्ताळलेल्या जखमेवरचा त्याचा आवडता लेप असा : जंगाल (तांब्याचा हिरवा गंज) १२ दिनारभार, म्हणजे १२ दिनार नाण्यांच्या वजनाइतकं, मुर्दाडशिंग (शिशाचं भस्म) २०, तुरटी, सुकं डांबर आणि सुकी राळ प्रत्येकी १, तेल आणि सिरका प्रत्येकी पावशेराहून थोडं जास्त. आपल्या मापात जंगाल चार तोळे आणि मुर्दाडशिंग पावणेसात तोळे. मुर्दाडशिंग तेलात मंद आचेवर शिजवलं की शिशाचा साबण बनतो, तोच लेपाला चिकट घट्टपणा देतो. आच वाढली तर लेप ठिसूळ होतो आणि पट्टीवर बसत नाही. जंगालातलं तांबं जंतूंना मारतं, तुरटी बारीक शिरांचं रक्त थांबवते. पण शिसं विष आहे, मोठ्या उघड्या जखमेतून अंगात भिनतं. हे इतिहास म्हणून वाचा, घरी कोणी करू नये.

पाऊलवाट

धन्यवाद ताई. मी छावणीच्या जागेबद्दल भर घालतो. पाणथळ जागी तळ ठोकू नये, उन्हाळ्यात आणि शरदात एकाच जागी फार दिवस राहू नये, दूषित पाणी म्हणजे विषच, असं युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक व्हेजेशियस लिहितो. आणि इ.स.पू. ३७च्या सुमाराला व्हॅरो शेतघर कुठे बांधावं हे सांगताना म्हणतो, की दलदलीजवळ डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव वाढतात आणि तोंडा-नाकातून शरीरात शिरून कठीण आजार करतात. शेतघर आणि छावणी, दोन्हींच्या जागेचा नियम एकच.

शिध्यातल्या मिरीचाही उल्लेख हवा. विंडोलांडाच्या पट्टीवर एका माणसाच्या नावापुढे मिरी, २ दिनार अशी नोंद आहे. जर्मनीतल्या ओबराडेनच्या छावणीत, इ.स.पू. ११ ते ८ या काळातल्या थरात, मिरीचे दाणेच मिळाले. ही मलबारची मिरी.

हिशेबनीस

दोन दिनार किती होते ते पगारावरून बघा. इजिप्तमध्ये सापडलेला इ.स. ८१चा एक कागद आहे. त्यात सैनिकाला पगाराच्या एका हप्त्याला २४८ द्राख्मा मिळतात (तिथल्या चार द्राख्मांचा एक दिनार). चारा १०, अन्न ८०, जोडे-पट्टे १२, छावणीचा सण २०, कपडे ६०. हातात उरले ६६. अन्न फुकट नव्हतं, पगाराचा जवळपास तिसरा भाग त्यात जाई. चाऱ्याची कपात पायदळाच्या माणसाला का? बहुधा तंबूच्या खेचरासाठी.

धान्य खरेदीची घाईही त्या विंडोलांडाच्या पट्ट्यांत आहे. ऑक्टाव्हियस नावाचा माणूस लिहितो, की ५,००० मोडियस कणसं घेतली आहेत, निदान ५०० दिनार पाठवा, नाहीतर दिलेले ३०० दिनार विसार म्हणून बुडतील. कातडी आणायला गेलो नाही, कारण रस्ते खराब आहेत आणि जनावरं जायबंदी होतील.

उखळमुसळ

'कणसं' हा शब्द धरून ठेवा. म्हणजे माल मळलेला नव्हता. कणसांच्या मापाला जागा जास्त लागते आणि मळणीनंतर दाणे कमी भरतात. त्याच पत्रात ११९ मोडियस मळून झाल्याचं तो वेगळं लिहितो.

भाकरीच्या वजनाचाही नियम सांगते. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो, सैनिकी भाकरी दाण्याच्या वजनापेक्षा एक-तृतीयांश जास्त भरली पाहिजे. ३ किलो गव्हाची ४ किलो भाकरी. वाढ पाण्याची. कमी भरली तर कोणीतरी पीठ काढून घेतलं, किंवा भट्टीत जास्त सुकली. कायम किल्ल्यात भट्ट्या तटाच्या आतल्या उताराला लागून बांधत, लाकडी बराकींपासून दूर, आगीच्या भीतीने.

लांबच्या मोहिमेला मात्र दोनदा भाजलेली कडक बिस्किटं. इ.स. ३६०चा हुकूम असा : दोन दिवस बिस्किटं, तिसऱ्या दिवशी भाकरी; एक दिवस द्राक्षमद्य, एक दिवस आंबट मद्य; एक दिवस खारवलेलं डुकराचं मांस, दोन दिवस मेंढ्याचं. आंबट मद्य पाण्यात मिसळून पीत, पाण्याची वाईट चव झाकते.

रानवेडा

या शिध्यात हिरवं काहीच नाही. म्हणून जर्मानिकस या रोमन सेनापतीच्या सैन्याची गोष्ट इथे हवी. प्लिनी सांगतो, ऱ्हाईनपलीकडे समुद्राजवळ तळ होता, गोड्या पाण्याचा एकच झरा. दोन वर्षांत सैनिकांचे दात पडू लागले, गुडघ्यांतली ताकद गेली. प्लिनीने दोष पाण्याला दिला.

शल्यशाखा

लक्षणं ताज्या भाजीपाल्याच्या अभावाने होणाऱ्या आजाराची आहेत. हिरड्या सैल, सांधे दुखरे. झरा बदलला असता तरी तो गेला नसता.

रानवेडा

उपाय त्यांना तिथल्या फ्रिसियन लोकांनी दाखवला. काळसर लांबट पानांची, काळ्या मुळाची वनस्पती. रोमनांनी तिला 'ब्रिटानिका' म्हटलं. अनेक अभ्यासक ती पाणथळ जागी वाढणारी चुक्याच्या कुळातली वनस्पती मानतात. आपण पालेभाजी म्हणून खातो त्या आंबट चुक्याची ही बहीण. प्लिनीच्या मते पानांचा आणि मुळांचाही रस पिळून घेत. पण हिरड्यांना ज्याची गरज होती ते जीवनसत्त्व उकळण्याने बरंचसं जातं, तेव्हा पानं कच्ची घेतली असतील तर गुण लवकर आला असणार, काढा करून घेतली असतील तर उशिरा.